मदत हवी आहे: आजोबांचा फिरता आकाशकंदील फिरतच नाहीये

आमच्याकडे दिवाळीला फिरता कंदील घरीच करतात, आजोबांनी सुरू केला, मग बाबा, आता मी आणि मुली. आत कागदाचा हलका ड्रम, वर पंख्यासारख्या पात्या, दिव्याची गरम हवा वर गेली की ड्रम फिरतो आणि त्यावरच्या चित्रांच्या सावल्या बाहेरच्या बटर पेपरवर पळतात. चित्रं दरवर्षी नवीन आणि ती घरातल्या सगळ्यात लहानाने ठरवायची हा आजोबांचा नियम. यंदा धाकटीने मांजरांची वरात कापलीये, ढोलताशासकट, त्यामुळे कंदील फिरायलाच हवा!

अडचण अशी की 9 वॉटच्या एलईडीची उष्णता पुरत नाही, ड्रम हलतच नाही. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब मिळवून लावला तर दोन-तीन फेऱ्या होतात आणि अडकतो. पात्या 8 होत्या त्या 6 करून पाहिल्या, कार्डशीटऐवजी साधा ड्रॉइंग पेपर घेतला, ड्रम ज्या उभ्या सुईच्या टोकावर फिरतो तिच्यावर टेकायला टिचबटणाची वाटी लावली, थोडाच फरक पडला. घरातच टांगून बघतोय म्हणजे वाऱ्याचा प्रश्न नाही. मोटर नकोय, आणि पणती-मेणबत्ती तर नाहीच कारण मुली जवळ असतात, बल्ब आणि कागदातलं अंतरही कमी करणार नाही.

ज्यांनी असा कंदील स्वतः केलाय त्यांनी प्लीज सांगा, पात्या किती तिरक्या ठेवता, खालून हवा यायला किती मोकळं सोडता आणि टिचबटणाऐवजी सुईवर काय टेकवता?