ऑफिसमध्ये एडीएचडीबद्दल सांगावं का? आणि कोचिंगचा खरंच उपयोग होतो का?

टेस्टिंगवाली_पुणे
नमस्कार मंडळी. वय ३६, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. मागच्या वर्षी सायकियाट्रिस्टनी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, कामाचं नियोजन अवघड जातं तो मेंदूच्या वाढीशी निगडित प्रकार) निदान केलं, गोळी चालू आहे आणि फरकही आहे, डोक्यातला गोंगाट कमी झालाय, पण काम सुरू करणं आणि कशाला किती वेळ लागेल याचा अंदाज हे काही गोळीने आपोआप येत नाही. माझं काम वाईट नाहीये, अवघड बग असला की टीम माझ्याकडेच येते. मार खाते ती टाइमशीट, स्टेटस मेल आणि तोंडी सांगितलेल्या कामांत. मॅनेजर जाता जाता डेस्कपाशी थांबून "ते मागच्या रिलीजचं पण बघून घे, क्लायंटला मेल टाक आणि हो, त्या नवीन मुलाला सेटअप दे" असं सांगतो आणि तो लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर मधलं काम डोक्यातून गेलेलं असतं. अप्रेझलला शेरा आला, हुशार आहे पण सिन्सिअर नाही. शाळेपासून हेच ऐकतेय, त्यामुळे फार लागलं. एचआरला सांगू का? कायद्याने काही मिळतं का? आणि ऑनलाइन एवढे एडीएचडी कोच दिसतात, ते काउन्सेलरपेक्षा वेगळं काय करतात? घरी सासूबाईंना गोळ्यांचंच पटवताना नाकी नऊ आलेत, त्यामुळे पैसे घालायच्या आधी विचारतेय.

एचआर_नाशिककर
ताई, मी १२ वर्षं एचआरमध्ये आहे, आधी कायद्याचं सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या लर्निंग डिसॅबिलिटी आहेत, एडीएचडी मात्र नावाने नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीवर दिव्यांग सर्टिफिकेट मिळेल अशी आशा ठेवू नका. पण म्हणून सगळी दारं बंद असं नाही. कामाच्या जागी गरजेप्रमाणे वाजवी बदल करून देणं ही कल्पना त्याच कायद्यात आहे, आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के असण्याची अट ही आरक्षणासारख्या ठरावीक फायद्यांसाठी आहे, अशा बदलांसाठी नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या विकास कुमार खटल्यात स्पष्ट केलंय (यूपीएससीच्या परीक्षेत लेखनिक हवा होता त्यांना, रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता). शिवाय प्रत्येक आस्थापनेला, खाजगी असली तरी, समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कोणत्या सुविधा देणार आणि लायझन ऑफिसर (दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सोयी बघणारा कंपनीचा माणूस) कोण हेही त्यात असावं लागतं. तुमच्या इंट्रानेटवर ते शोधा. सापडलं नाही तर एचआरकडे फक्त पॉलिसीची कॉपी मागा, का हवी ते सांगायची गरज नाही. पॉलिसी वाचून आणि लायझन ऑफिसर माणूस कसा आहे ते बघून मगच निदानाचं बोला. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि सगळीकडचं एचआर गुपित राखतंच असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

बंगळुरी_कोल्हापूरकर
मी डेव्हलपर आहे, ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही. २०१३ च्या आधी तर मानसिक निदानांच्या अमेरिकन मॅन्युअलप्रमाणे (डीएसएम) ही दोन्ही निदानं एकत्र देतच नसत, म्हणून आमच्या वयाचे कित्येक जण लहानपणी निसटलेत. असो, कोचचं सांगतो कारण मी घेतलंय. काउन्सेलरकडे मी आयुष्यभराच्या शरमेबद्दल बोललो, त्याची गरज होतीच. कोचकडे आम्ही फक्त पुढच्या आठवड्याबद्दल बोलायचो. उदाहरण देतो, माझा स्टेटस मेल नेहमी राहायचा तर तिने विचारलं की तो लिहायला बसतोस तेव्हा नेमकं कुठे अडतं, आणि खोदत खोदत कळलं की मेल अडत नव्हता, आठवडाभर काय केलं ते आठवणं अडत होतं. मग रोज लॅपटॉप बंद करायच्या आधी एका फाइलमध्ये दोन ओळी, तेवढंच ठरलं. शुक्रवारी त्या ओळी उचलून मेलमध्ये टाकतो. कंटाळवाण्या कामाला व्हिडिओ कॉलवर कुणीतरी नुसतं सोबत बसायचं, तो आपलं काम करतो आपण आपलं, याला बॉडी डबलिंग म्हणतात, आणि त्याला पैसे लागत नाहीत, मित्र चालतो.

पण सावध राहा, आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कुठलंही लायसन्स लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन काउन्सिलची नोंदणी असते, कोचला तसं काही नाही. प्रौढ एडीएचडी असलेल्या किती जणांबरोबर काम केलंय ते विचारा, आधी एकच सेशन घ्या, सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ मागत असेल तर राहू द्या. आणि गोळी बंद करा म्हणाला तर फोन ठेवा, तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

लेस्टरवासी
इकडे यूकेत याला सरकारी मदत आहे, अ‍ॅक्सेस टू वर्क नावाची योजना, १९९४ पासून. कोचिंगचा खर्च त्यातून निघू शकतो, अर्ज नोकरदाराने स्वतः करायचा, आणि एडीएचडीचं कागदावरचं निदान असलंच पाहिजे अशी अटही नाही. शिवाय २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टमुळे कंपनीला वाजवी बदल करून द्यावे लागतात. अर्थात मंजुरीला महिनोन्‌महिने लागतात, स्वर्ग नाहीये. मला स्वतःला कोचिंगपेक्षा एका सेशनला मॅनेजर येऊन बसली त्याचा जास्त उपयोग झाला. कामं तोंडी सांगू नका हे मी दोन वर्षं सांगत होते, कोचने कारणासकट समजावलं तेव्हा तिला पटलं. सगळं ओझं एडीएचडी असलेल्यानेच उचलायचं, अ‍ॅप वापरायचे, अलार्म लावायचे, आणि ऑफिसने जसं आहे तसंच राहायचं, हे बरोबर नाही.

टीमलीड_ठाणे
मॅनेजरच्या बाजूने बोलतो. निदान कळून मला फारसं काही करता येत नाही, नेमकं काय हवंय ते सांगितलं तर लगेच करता येतं. माझ्या टीममध्ये एकाने सगळी कामं टिकेटवरच (सिस्टिममध्ये लेखी नोंद करून) द्या म्हणून मागितलं, मी सगळ्यांसाठीच तो नियम केला, कुणाला वेगळं वाटायचा प्रश्नच नाही.

टेस्टिंगवाली_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार, लेस्टरच्या ताईंचं शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणजे आत्ता निदान न सांगता फक्त मॅनेजरला मेल करू? काय लिहू? आणि त्या शेऱ्याचं काय करू, तो तसाच रेकॉर्डला राहणार का?

एचआर_नाशिककर
हो, आधी मॅनेजर. तीनच गोष्टी मागा, जास्त नको: "तोंडी सांगितलेलं काम मी लगेच चॅटवर लिहून पाठवेन, त्यावर तुम्ही एक ओके द्या. एका वेळी दोनपेक्षा जास्त कामं असतील तर आधी कुठलं ते सांगा. टेस्टिंगच्या वेळात सकाळी दोन तास मीटिंग नको." कारण म्हणून एवढंच लिहा की याने माझ्याकडून काही सुटणार नाही. शेऱ्याबद्दल वेगळा मेल, त्यात भांडू नका, सिन्सिअर नाही म्हणजे कोणत्या तारखेचं कोणतं काम ते लेखी मागा आणि तुम्ही पकडलेल्या मोठ्या बगची यादी जोडा. अप्रेझलवर एम्प्लॉयी कॉमेंट टाकायची मुदत बहुतेक ठिकाणी थोडीच असते, तुमची संपली नाही ना ते आज सिस्टिममध्ये बघा, मेलचं उद्या केलं तरी चालेल.