अनुभव धागा: दुर्लक्षित राहिलेली औषधी बाग आणि तिच्यातलं तण

घरात आजारपण होतं. सात महिने मी वाफ्यांकडे फिरकलेच नाही. परत गेले तेव्हा गवती चहा कुठला आणि गवत कुठलं, ते पान चुरडून वास घेतल्याशिवाय कळेना. तुळशीभोवती आघाडा माजला होता आणि पुदिना शोधावाच लागला. मी त्याच दिवशी कुदळ घेतली आणि मोकळा होता तेवढा सगळा भाग खोल खणून काढला. संध्याकाळी काळी स्वच्छ माती बघून फार बरं वाटलं. पंधरा दिवसांत तिथे हिरवी लव उगवली, आधीपेक्षा दाट.

कारण नंतर समजलं. तणाचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत पडून राहतं आणि त्यातल्या पुष्कळ जातींना रुजायला थोडासा उजेड पुरतो. खाली निजलेलं बी मीच खणून वर आणलं होतं. दुसऱ्या खेपेला वाफ्याला नुसतं पाणी दिलं, आठ-दहा दिवस थांबले आणि उगवलेलं कोवळं तण खुरप्याने वरच्यावर खरवडलं, बोटाच्या पेराहूनही कमी खोल. असं दोनदा केलं. तिसऱ्यांदा अगदी तुरळक उगवलं, तेव्हा कुठे रोपं लावली.

अशा सुटलेल्या बागा तुमच्यापैकी अनेकांनी परत उभ्या केल्या असतील. कुठलं तण होतं, कशाने गेलं, कशाने गेलं नाही, सगळं लिहा. फसलेले उपाय तर नक्कीच लिहा.

*

ताई, तुमची खरवडण्याची युक्ती बियांवर वाढणाऱ्या तणाला लागू पडते. माझ्या ब्राह्मीच्या वाफ्यात नागरमोथा होता आणि तिथे ती चालली नाही.

नागरमोथा ओळखायचा तर फुलाचा दांडा दोन बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतात. वरून उपटला की हातात पाती येते आणि गाठ खालीच राहते. या गाठी एकमेकींना बारीक मुळ्यांनी माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. कुदळीने ती तुटली की तुटलेल्या प्रत्येक तुकड्यावरची गाठ जागी होते. एका वर्षात मी एका कोपऱ्यातला नागरमोथा असाच वाफाभर केला.

शेवटी ब्राह्मी काढून, तिची मुळं धुऊन ती कुंडीत हलवली. वाफ्यातली वरची वीतभर माती काट्याने सैल केली आणि चाळणीतून चाळली. गाठी फरशीवर कडक उन्हात पार सुरकुतेपर्यंत वाळवल्या. खताच्या खड्ड्यात एकही टाकली नाही. तरी काही राहिल्याच. त्यांना कोंब आला की दोन-तीन पानांवर असतानाच काढायचा, असं रोज सकाळी पाच मिनिटं केलं. कोंब फुटताना गाठीतला साठा खर्च होतो, आणि पानांना वेळच मिळाला नाही तर तो भरून निघत नाही. मला दोन मोसम लागले. जाड प्लॅस्टिकही अंथरून पाहिलं होतं. त्याची टोकदार पाती प्लॅस्टिक भोसकून वर आली.

*

हरळीचंही तसंच. गवती चहाच्या ठोंबातच घुसली होती. वरून ओढून काही होत नाही, तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. मी आख्खा ठोंब उकरला, पाण्याच्या टबात बुडवून माती सुटू दिली आणि हरळीचे पांढरे धुमारे एकेक करून सोडवले. मग ठोंब फोडून निरोगी फुटवे नव्या जागी लावले. आता गवती चहा दाट झालाय आणि त्याच्या सावलीत हरळीला जोर धरता येत नाही. तिला ऊन लागतं.

*

माझं एवढंच सांगणं आहे की वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, तण निंदा. माती कोरडी ठणठणीत असताना मूळ तुटतं, चिखल असताना तण उपटलं तरी तिथेच पुन्हा रुजतं. घोळ आणि केना ही तणं तर ओल्या मातीवर नुसते पडले तरी जगतात. उपटलेलं तण वाफ्यात ठेवायचंच नाही. केना आणखी पक्का, तो जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो, त्यामुळे तो फुलण्याआधी मुळासकट निघायला हवा.

*

मीठ घालू नका, ही कळकळीची विनंती. मी फरशीच्या फटीतलं गवत जावं म्हणून मीठ-पाणी ओतलं, ते पावसाने लगतच्या वाफ्यात उतरलं. तिथला ओवा करपला आणि नंतर लावलेलं रोपही धरेना. मीठ मातीतून लवकर जात नाही. व्हिनेगरने पानं जळाली, पण मूळ शाबूत होतं, महिन्याभरात तेच तण परत. आणि ज्याची पानं आपण तोडून वापरणार, त्या वाफ्यात तणनाशक मारायची माझी तरी तयारी नाही.

*

आमच्याकडे तण म्हणजे खुद्द पुदिना. तो मोकळ्या जमिनीत लावला होता. तीन वर्षं कुणी पाहिलं नाही, तेवढ्यात त्याचे धावते फुटवे कोथिंबिरीच्या, सब्ज्याच्या जागेत शिरले. सगळा काढून थोडा परत लावला, पण तळ कापलेल्या बादलीत. बादली जमिनीत पुरली, काठ दोन बोटं वर ठेवला. काठावरून लोंबणारे फुटवे दर आठवड्याला कापते.

*

कुंड्यांमधल्या आंबुशीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिच्या बारीक शेंगा पिकल्या की हात लागताच फुटतात आणि बी दूर उडतं. मी शेंगा धरलेली आंबुशी उपटत होतो, म्हणजे शेजारच्या कुंड्यांत पेरतच होतो. आता पिवळं फूल दिसलं की त्याच दिवशी काढतो. नवीन रोप आणलं की त्याच्या मातीचा वरचा थर काढून टाकतो, माझ्याकडे ती तशीच आली होती. शेणखतही पूर्ण कुजलेलंच घ्या. अर्धवट कुजलेल्या खतातून तणाचं बी हमखास येतं.

*

तुळशीवर पिवळे दोरे दिसले तर थांबू नका. ती अमरवेल. एकदा झाडाला चिकटली की तिला जमिनीतल्या मुळाची गरज उरत नाही, ती तुळशीतूनच रस घेते. नुसते दोरे ओढले तर चिकटलेला तुकडा राहतो आणि पुन्हा वाढतो. मी दोऱ्याच्या खाली चार बोटं अंतर ठेवून फांद्याच कापल्या. दोन रोपं पूर्ण काढावी लागली. जीव तुटला, पण बाकीची सहा वाचली.

*

माझे गुडघे दुखतात, त्यामुळे एकदम काही होत नाही. सुपाएवढी जागा निंदायची आणि तिथे लगेच पुठ्ठा व त्यावर चार बोटं वाळका पाला घालायचा, असं करत आठ आठवड्यांत बाग झाली. पाला बी न धरलेला हवा. आणि खोडाला भिडवू नका, माझ्या एका तुळशीचं खोड त्यानेच कुजलं.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. सब्ज्याच्या रोपांमध्ये धोतऱ्याची दोन रोपं आली होती. लहान असताना ती रोपं सहज नजरेतून सुटतात आणि धोतऱ्याचा प्रत्येक भाग विषारी असतो. तेव्हापासून पानं तोडण्याआधी निंदते, नंतर नाही. गाजरगवतालाही हातमोजे घालूनच हात लावते, माझ्या मनगटावर पुरळ उठलं होतं.

*

धागा काढणारी मीच. धोतऱ्याचं वाचून लगेच वाफ्यात जाऊन आले. तुळशीच्या मागे एक अनोळखी रोप आहे, रुंद पानं, चुरडल्यावर तुळशीचा वास नाही. हातमोजे घालून काढलं. गवती चहाचा ठोंब उद्या टबात बुडवणार आहे. त्यात हरळी आहेच, आता बघितली. केन्यासाठी अजून कुणाकडे काही असेल तर सांगा, तो उत्तरेच्या कडेने पसरलाय आणि त्याला निळी फुलं आली आहेत.