साठच्या दशकातले गर्ल ग्रुप आणि सोल गायिका: दाद कुठे द्यायची?

सुरंगी (फोंडा)
कान नाट्यसंगीत आणि भजनावर तयार झालेला आहे. आता अमेरिकेतले साठच्या दशकातले गर्ल ग्रुप (मुलींचे गाणारे गट) आणि सोल (चर्चच्या गाण्यातून आलेलं कृष्णवर्णीयांचं संगीत) गायिका मनापासून ऐकायच्या आहेत. पण गाणं अडीच मिनिटांत संपतं. आलाप नाही, ताना नाहीत, मग दाद नेमकी कुठे द्यायची? दुसरं, घरात तारवटी (बोटीवर नोकरीला असलेल्या) मामांनी आणलेल्या ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या) तबकड्या आहेत. मधलं भोक मोठं आहे. लावल्या की सूर डोलतो आणि खरखर येते. तबकड्या गेल्या का?

मांडावरून (पेडणे)
सुरंगीताई, मागच्या आवाजांपासून सुरुवात करा. धालोत (गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्यात) एक फांत, म्हणजे रांग, ओळ म्हणते, समोरची झेलते, तेच इथे आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून ही सवाल-जवाबाची रीत या गाण्यांत आली. पहिल्यांदा ऐकताना मुख्य गायिकेकडे लक्षच देऊ नका, फक्त उत्तरं ऐका. कधी शब्द तसाच परत येतो, कधी नुसतं ‘शा-ला-ला’, तर कधी मुख्य ओळ संपायच्या आतच मागच्या बायका आत शिरतात. जागा तिथे आहेत.

पहिलं गाणं शिरेल्सचं १९६० चं ‘विल यू लव्ह मी टुमारो’. बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला हा पहिला कृष्णवर्णीय गर्ल ग्रुप. शर्ली ओवेन्स सूर जवळजवळ सरळ लावते, हरकत घेत नाही. शब्दांतली शंका त्यामुळेच खरी वाटते.

मग रोनेट्सचं ‘बी माय बेबी’ (१९६३). सुरुवातीला हॅल ब्लेनचा ड्रम: धम्, ध-धम्, फाट्. हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत एकाच खोलीत अनेक गिटार आणि पियानो तोच भाग एकत्र वाजवत. तो आवाज सिमेंटच्या इको चेंबरमध्ये (आवाज घुमवणाऱ्या खोलीत) स्पीकरवर सोडून पुन्हा माइकने टिपत. म्हणून वाद्यं वेगळी काढता येत नाहीत, आणि काढूही नका. त्या सगळ्या गदारोळावर मुख्य गायिका रॉनीचा एकटीचा आवाज कसा तरंगतो ते ऐका.

सुप्रीम्सचं ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ (१९६४) ऐकताना पट्टीकडे लक्ष द्या. डायना रॉस इथे खालच्या सुरात गाते, म्हणून आवाज अगदी कानाशी येतो. सुरुवातीची ती थापही ड्रमची नाही, लाकडी फळीवर पाय आपटल्याची आहे.

आणि लेबलवर विसंबू नका. ‘ही’ज अ रेबेल’ (१९६२) क्रिस्टल्सच्या नावावर निघालं, गायली डार्लिन लव्ह, मागे तिच्याच ब्लॉसम्स गटातल्या गायिका. पहिल्या क्रमांकाचं गाणं आणि गाणारीचं नावच नाही. हा अन्याय माहीत असल्याशिवाय या काळाचं ऐकणं पुरं होत नाही.

चंवर
सोलसाठी अरिथा फ्रँकलिन, आणि तिला कालक्रमाने ऐका. आधी कोलंबिया कंपनीतलं १९६०-६६ मधलं एखादं गाणं घ्या. गळा तोच, पण बरेचदा व्हायोलिनांच्या ताफ्यात बसवलेला. मग २४ जानेवारी १९६७ रोजी अलाबामातल्या फेम स्टुडिओत झालेलं ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’. स्पूनर ओल्डहॅमच्या वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोची छोटी आकृती आधी येते, आणि साध्या पियानोवर खुद्द अरिथा आहे. पेटी वाजवत गाणाऱ्याला कुठे थांबायचं ते दुसऱ्याला विचारावं लागत नाही. तसंच इथे गळा आणि हात एकाच श्वासात चालतात.

‘रिस्पेक्ट’ आधी ओटिस रेडिंगचं (१९६५) ऐका, मग तिचं (१९६७). ‘आर-ई-एस-पी-ई-सी-टी’ अशी अक्षरं एकेक करून म्हणणं मूळ गाण्यात नाहीच. मागे तिच्या सख्ख्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा आहेत. किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनपाशी गाणं सी या पट्टीतून एकदम एफ शार्प मायनरवर उडी मारतं आणि तितक्याच सहज परततं. दाद तिथे!

पुढे न्यू ऑर्लिन्सची इर्मा थॉमस आणि एटा जेम्सचं ‘आय’ड रादर गो ब्लाइंड’. घरचं हवं तर गोव्याची कोकणी गायिका लोर्ना ऐका. क्रिस पेरींच्या रचनांत ब्रास (पितळी फुंकवाद्यं) तिच्या ओळींना जे उत्तर देतं, ते ऐकलेला कान या संगीतात परका राहत नाही.

खाचखळगे (मडगाव)
तबकड्या बहुतेक वाचतील. अमेरिकन ४५ चं भोक ३८ मिमीचं असतं, त्यात अडॅप्टर घट्ट बसायला हवा. सैल असेल तर तबकडी केंद्रातून सरकते आणि प्रत्येक फेऱ्यात सूर वरखाली होतो. लांब धरलेल्या सुरावर ते लगेच कळतं. आधी अडॅप्टर बदला. तरीही डोललं तर भोकच केंद्रात नाही किंवा तबकडी वाकली आहे.

खरखरीसाठी: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात बिनवासाच्या भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत उभी वाळवा. लाखेच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांना स्पिरिट कधीच लावू नका, लाख विरघळते.

धुऊनही गाण्याच्या मोठ्या आवाजावरच ‘श्श’ आला, तर ती झीज, मळ नव्हे. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन ४५ व्हिनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या होत्या आणि जड सुईखाली लवकर झिजत. म्हणून सुटकेसवाला प्लेअर नको. मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असलेला घ्या, तबकडीवर सुईचा भार साधारण २ ग्रॅम, पण कंपनीचा आकडा बघूनच लावा.

पावसाळ्यात चिऱ्यांच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत ओल धरते. कागदी पिशव्या काढून प्लास्टिक अस्तराच्या घाला, कपाटात सिलिका जेल ठेवा आणि तबकड्या उभ्याच ठेवा. एकीवर एक रचल्या की वाकतात.

सुरंगी (फोंडा)
अडॅप्टर खरंच सैल आहे, बदलते. फोनवर ऐकताना काही गाण्यांत आवाज एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात येतात, ते का?

खाचखळगे (मडगाव)
तेव्हा दोन-तीन ट्रॅकवर ध्वनिमुद्रण होई आणि खरं मिक्सिंग मोनोसाठी, म्हणजे एएम रेडिओ आणि गाडीतल्या एका स्पीकरसाठी केलं जाई. स्टीरिओ प्रत बरेचदा नंतर उरकलेली. शक्यतो मोनो प्रतच शोधा. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते सुरू केलंत तरी बरंच सुसह्य होतं. मोनो तबकडी वाजवताना ॲम्प्लिफायरवर मोनो बटण असेल तर दाबा, खरखरही घटते. तुमच्याकडची ती स्टीरिओ गाणी मात्र टाकू नका. ‘मोनो ऑडिओ’ बंद ठेवून वाद्यांच्या बाजूचा इयरफोन काढला की मांडावरूननी सांगितलेले मागचे आवाज सुटे ऐकू येतात.