मदत हवी आहे : वन रूम किचनच्या घरात शिवणकामाची कायमची जागा कशी करावी?

नमस्कार.

डोंबिवलीत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचे वन रूम किचनचे घर आहे. सासूबाई, आम्ही दोघे आणि आठ वर्षांची मुलगी अशी चार माणसे घरात आहोत. बाहेरची खोली १४ फूट बाय १० फूट आहे आणि तिच्यात पलंग, कपाट, फ्रिज व मुलीचे अभ्यासाचे टेबल लावल्यावर खिडकीखालची साडेपाच फुटांची भिंत आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारची चार फुटांची भिंत एवढीच जागा मोकळी उरते. या दोन तुकड्यांत शिवणकाम कायमचे कसे बसवावे, याविषयी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

खिडकीखाली सासूबाईंचे उषाचे पायमशीन आहे. त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे याच मशीनवर ब्लाउज आणि परकर शिवून घराला हातभार लावला आणि मीही शिवण त्यांच्याकडूनच शिकले. गेल्या दोन वर्षांत त्यांचे गुडघे इतके दुखू लागले आहेत की पायडल मारणे त्यांना पूर्ण बंद करावे लागले. आता काम मी घेते. ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींची परकर-पोलकी आणि मागच्या वर्षापासून शिवलेल्या नऊवारी अशी कामे असतात. पिको मी बाहेरून करून आणते, बाकी सगळे घरीच होते. श्रावणापासून दिवाळीपर्यंत आणि पुन्हा लग्नसराईत काम भरपूर असते, पण जागेअभावी मला त्यातले निम्मे परत पाठवावे लागते आणि याचे मनापासून वाईट वाटते.

खरी अडचण मशीनच्या जागेपेक्षा बेतण्याच्या जागेची आहे. मशीनवर बसायचे म्हटले तर त्यावरचे दप्तर, इस्त्रीला द्यायचे कपडे आणि चादर उचलली की काम सुरू करता येते. बेतायचे असेल तर मात्र मुलगी शाळेत गेल्यावर खोलीभर चटई अंथरावी लागते आणि ती घरी येण्याआधी सगळे अर्धवट असले तरी गुंडाळावे लागते. मध्यंतरी घाईमुळे मी एका ताईंचा ब्लाउज पलंगावर बेतला. पीस ८० सेंटिमीटरचा आणि काठ फक्त एका बाजूला होता, त्यामुळे दोन्ही बाह्या त्याच काठातून काढायच्या होत्या. गादी मऊ असल्याने कापडाची घडी कात्रीखाली सरकली. बाह्या जोडून झाल्यावर पाहिले तर एका बाहीचा काठ दुसरीपेक्षा अर्धा इंच वर आला होता. पीस साडीतलाच होता, दुसरा मिळण्यासारखा नव्हता. मी शिलाई घेतली नाही, पण त्यांच्या साडीचे नुकसान शिलाई माफ केल्याने भरून निघण्यासारखे नव्हते. त्या दिवसापासून मी पलंगावर कात्री लावलेली नाही.

दुसरा प्रश्न मशीनचा आहे. जुने पायमशीन काढून टाकून काम झाल्यावर कपाटात ठेवता येईल असे हलके विजेचे मशीन घ्यावे, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. माझे मन त्याला तयार होत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, परंतु त्या रोज दुपारी मशीनच्या चाकावरची धूळ पुसतात हे मी पाहते. त्यांना पुन्हा थोडे तरी शिवता येईल अशी व्यवस्था झाली, तर मला ती सर्वांत आधी करायची आहे. याच मशीनला मोटर बसवली तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते चालवता येते का?

उजेड, इस्त्री आणि अर्धवट कामे ठेवण्याची सोय याविषयीही कोणी सांगितले तर उपकार होतील. खालच्या मजल्यावर एक वयस्कर गृहस्थ राहतात आणि मशीनच्या आवाजाचा त्यांना त्रास होऊ नये याचीही मला काळजी आहे.

प्रतिसाद १

ताई, मी बावीस वर्षे घरातूनच शिवणकाम केले आहे आणि त्यातली पहिली दहा तुमच्या घराहून लहान खोलीत काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मशीन काढू नका. ब्रोकेड, अस्तर आणि काठ असे चार-पाच थर एकत्र आले की हलकी घरगुती मशीने टाका सोडतात किंवा अडतात, तुमचे ओतीव लोखंडाचे मशीन मात्र ते थर सहज ओढून नेते. बहुतेक पायमशीनांना चाकाजवळ मागच्या बाजूला मोटर अडकवण्यासाठी स्क्रूचे भोक असते, ते आहे का ते आधी पाहा. घरगुती मशीनची मोटर लहान असते आणि तिचा वेग पायाखालच्या कंट्रोलवर किती दाब देतो त्यावर कमी-जास्त होतो. टाच जमिनीवर टेकवून फक्त चवडा दाबायचा असतो, त्यामुळे पायडलसारखा गुडघा वरखाली होत नाही. सुरुवातीला मशीन एकदम पळते, म्हणून सासूबाईंना दोन-चार दिवस जुन्या कापडावर सरळ टिपा घालून पाय बसवू द्या. मोटरचा पट्टा फार ताणू नका. बोटाने दाबल्यावर तो थोडा आत गेला पाहिजे, नाहीतर मोटर तापते. कातड्याचा जुना पट्टा काढून जपून ठेवा, वीज गेली की तोच कामाला येतो.

आता बेतण्याविषयी. तुम्हाला भिंतीला बिजागरीने लावलेली, काम झाले की खाली पडून भिंतीला चिकटणारी फळी लागेल. सुताराला ४ फूट बाय अडीच फूट असे माप द्या आणि १९ मिलिमीटरचा प्लायवूड वापरायला सांगा, कारण पातळ फळी मधोमध वाकते आणि त्या वाकात घडी सरकते. अडीच फूट रुंदी पुरते, याचे कारण पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत आहे. ४४ इंच पन्ह्याचे कापड दुहेरी घातले की २२ इंच होते आणि ५८ इंच पन्ह्याचे २९ इंच, म्हणजे दोन्ही फळीवर मावतात. नऊवारीची लांबी मात्र कोणत्याच घरगुती फळीवर मावणार नाही, तेवढ्यापुरती जमीनच वापरावी लागेल. फळीची उंची तुमच्या कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली ठेवा. साधारण उंचीच्या बाईला ती ३४ इंचांच्या आसपास येते आणि कंबर वाकवावी लागत नाही. वर सनमायका लावू नका, त्यावर रेशमी कापड घसरते. जाडे सुती कापड ताणून बसवले की कापड जागच्या जागी राहते. त्यावर घोंगडीची दुहेरी घडी घातली की तीच फळी इस्त्रीलाही चालते.

इस्त्रीविषयी एकच सांगते. १००० वॅटची साधी इस्त्री साधारण साडेचार अँपिअर वीज घेते, त्यामुळे ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. १६०० वॅटची वाफेची इस्त्री ७ अँपिअर घेते, तिला १६ अँपिअरचाच पॉइंट लागतो. इस्त्री आणि मोटर एकाच मल्टिप्लगवर कधीही लावू नका.

उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून यायला हवा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. लोहचुंबकाच्या बैठकीचा छोटा एलईडी दिवा मशीनच्या लोखंडी अंगाला चिकटतो आणि सासूबाईंच्या डोळ्यांना त्याचा फार उपयोग होईल. रिळाचा रंग मात्र नेहमी दिवसाच्या उजेडातच जुळवा.

प्रतिसाद २

आवाजाविषयी माझा अनुभव असा की खालच्या घरात मशीनचा आवाज फारसा जात नाही, जाते ती थरथर. मशीनच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला आणि मशीन भिंतीपासून दोन बोटे दूर ठेवा. अर्धवट कामासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी सुती पिशवी करा. तिच्यात बेतलेले तुकडे, अस्तर, रीळ, हूक आणि मापाची चिठ्ठी एकत्र ठेवून ती दारामागच्या खुंटीला लावा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नका, आपल्या हवेत आत ओल धरते आणि जरीच्या कापडाला डाग पडतात. सुया आणि टाचण्या खोबरेल तेलाच्या डबीत न ठेवता मशीनच्या तेलाचा हात लावलेल्या फ्लॅनेलमध्ये टोचून ठेवाव्यात, म्हणजे गंज चढत नाही आणि मुलीच्या पायात टाचणी जाण्याचीही भीती राहत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दोघींचेही मनःपूर्वक आभार. मशीनला मोटरचे भोक आहे. ते तेलाच्या आणि धुळीच्या थराखाली बुजले होते आणि ते सासूबाईंनीच हेअरपिनने कोरून मला दाखवले. मोटर पुढच्या आठवड्यात बसेल.

फळीसाठी सुतार येऊन गेले. दाराशेजारची भिंत फक्त साडेचार इंच जाडीची आहे, त्यामुळे कात्रीचा आणि इस्त्रीचा दाब तिच्यावर टाकू नये असे त्यांचे मत पडले. भिंतीला फक्त बिजागऱ्या ठेवायच्या आणि वजन जमिनीवर टेकणाऱ्या दोन घडीच्या पायांवर घ्यायचे, असे ठरले आहे आणि मलाही ते पटले.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. ३४ इंच उंची उभे राहून बेतण्यासाठी माझ्या मापाची आहे, पण सासूबाईंना काज आणि हूक लावण्यासाठी बसूनच काम करावे लागते आणि या वयात त्यांना उंच स्टुलावर बसवायला मी धजावत नाही. फळी दोन उंचींवर अडकवता येईल अशी करावी की त्यांच्यासाठी मशीनच्या उजवीकडे उरलेल्या अडीच फुटांत २८ इंच उंचीची वेगळी लहान फळी करावी, हे कोणी करून पाहिले असेल तर कृपया सांगावे. सुतार रविवारी माप पक्के करणार आहेत.