आधी सभागृह बघा, मग गुण द्या

या चर्चेत काहींनी जाहीरनामे वाचून उमेदवारांना डेव्हिड नोलनच्या तक्त्यावर (वैयक्तिक आणि आर्थिक स्वातंत्र्याला कोणाचा किती पाठिंबा, हे दोन अक्षांवर दाखवणारा राजकीय तक्ता) बसवलंय. पण 'उद्योगाला चालना देऊ' अशा वाक्याला गुण देणार कसे? नेमके प्रश्न विचारा: वैयक्तिक स्वातंत्र्याचे 5, आर्थिकचे 5, होय 20, सांगता येत नाही 10, नाही 0. प्रत्येक प्रश्नात 'होय' म्हणजे मोकळीकच असली पाहिजे, नाहीतर बेरीज उलटी पडते.

उमेदवार ज्या सभागृहासाठी उभा आहे, त्याच्या हातातलेच प्रश्न विचारा. महापालिकेच्या उमेदवाराला कांदा निर्यातबंदीबद्दल विचारून उपयोग नाही. त्याला नागपुरातल्या सीताबर्डीच्या फेरीवाल्यांबद्दल विचारा. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. हे पाळणार का? पोटापाण्याचा प्रश्न आहे हा, इथे गोलमोल उत्तर चालवून घेऊ नका. विधानसभेला वर्धा-गडचिरोलीची दारूबंदी, शेतजमिनीची कमाल मर्यादा. लोकसभेला विशेष विवाह कायद्यातली लग्नाआधीची 30 दिवसांची नोटीस.

दोन्ही अक्षांवर 50-50 गुण आले की लगेच मध्यममार्गी ठरवू नका. सगळीकडे 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्याचेही तेवढेच होतात, म्हणून असं उत्तर किती वेळा आलं तो आकडा वेगळा लिहा. विद्यमान खासदाराचं मतदान तपासायला जाल तर बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झालेली दिसतील. त्यात कोणी काय मत दिलं याची नोंद नसते. त्यापेक्षा त्याची भाषणं आणि त्याने विचारलेले प्रश्न वाचा.