सांगलीत घर घ्यायचंय, पुराचा इतिहास कसा तपासायचा?

जतचा_पोरगा
नमस्कार मंडळी. मी मूळचा जतचा, नोकरीनिमित्त पुण्यात. आई-वडिलांचं आता वय झालंय, दवाखान्याच्या सोयीसाठी त्यांना सांगलीत आणायचंय. दोन जागा नजरेत आहेत. एक गावभागातलं जुनं बैठं घर, दुसरं शामरावनगरातलं रो-हाऊस. दोन्हीकडचे मालक एकच सांगतात, "पाणी फक्त २०१९ ला आलं होतं, तसा पूर काय परत येत नाही." आमचं सगळं आयुष्य टँकरची वाट बघण्यात गेलं, पुराचं आम्हाला काहीच कळत नाही. सांगलीत राहणाऱ्यांनी कृपया सांगा, नेमकं काय विचारायचं आणि कोणाला?

गावभागची_लेक
दादा, "पाणी आलं होतं का?" असं विचारूच नका. "कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट पाणी झालं की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं?" असं विचारा. सांगलीत नदीकाठच्या प्रत्येक घराचा एक आकडा असतो आणि तो घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. मालक आकडा सांगायला टाळाटाळ करत असेल तर तिथंच समजून जा.

आयर्विन पूल १९२९ चा. त्यावरची पाणीपातळी हीच आमची मोजपट्टी. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या आसपास. म्हणजे "परत येत नाही" म्हणणाऱ्याला दोनच वर्षांत उत्तर मिळालं होतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर इथल्या लोकांना तर इशारा पातळीच्या आधीच सामान बांधायला लागतं. मग मारुती चौक, हरभट रोड असं पाणी गावात शिरतं.

आमचं घर गावभागात, चार पिढ्यांचं. आयर्विनने पन्नाशी गाठली की आमच्या पायरीला पाणी. पण ते दारातून येत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. रस्ता कोरडा दिसत असतो आणि मागं न्हाणीघराच्या मोरीतून बुडबुडे यायला लागतात. मग संडासातून उलटं पाणी. ड्रेनेजचं चेंबर आधी भरतं, नदी नंतर दिसते. म्हणून घर बघायला गेलात की मोरी, चेंबर आणि मागच्या बाजूचा उतार आधी बघा, हॉलच्या फरशा नंतर.

भिंतीचा नवा रंगही नीट बघा. खाली चार-पाच फुटांपर्यंत पोपडे सुटलेत आणि वर भिंत ठणठणीत आहे, असं असेल तर ती पुराची रेघ. कपाटामागं, जिन्याखाली, मीटरच्या पेटीत रंगवाल्याचा ब्रश जात नाही, तिथं बारीक करडा गाळ अजून सापडतो. प्लायवूडचे दरवाजे खालून फुगलेले असतात. आमच्याकडे आता खालच्या मजल्यावर प्लायवूड नाहीच. लोखंडी कॉट, कडाप्प्याची मांडणी आणि फ्रिज चढवायला पक्कं सिमेंटचं ठाणं. मीटर छातीच्या वर घेतलाय.

शामरावनगरचं म्हणाल तर तिथं पुराचं आणि पावसाचं असं दोन्ही दुखणं आहे. सखल भाग, काळी माती, निचरा नाही. नदी शांत असली तरी जोराच्या पावसात तिथं पाणी साचून राहतं. वयस्कर माणसांना तिथं ठेवायला माझं मन घेणार नाही.

आणि एक कळकळीनं सांगते. आमच्याकडे पूर अंगावर धावून येत नाही, इंचाइंचाने चढतो. त्यामुळे माणूस "आणखी एक वीट बघू" म्हणत थांबतो, रात्र होते आणि वीज जाते. म्हातारी माणसं घर सोडायला तयारच होत नाहीत. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, त्यात बायका आणि लहान लेकरं गेली. कोरड्या पायांनी निघता येतं तेव्हाच निघायचं, हे घर घेण्याआधी आई-वडिलांशी बोलून ठरवा.

शिरोळ_रानातला
ताईंनी बरोबर सांगितलंय. पण नुसतं कोयना धरणातून पाणी किती सोडलं एवढंच बघून चालत नाही. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, हरिपूरला वारणा मिळते, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. खालच्या दोन्ही नद्या तुडुंब असल्या की कृष्णेला पुढं सरकायला जागाच नसते, मग फुगवटा मागं सांगलीपर्यंत. आमच्याकडं तर ऊस पाण्यात आठ-आठ दिवस उभा राहतो, शेंड्यात पाणी शिरलं की कुजलाच. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर वाढतो का, यावरून वाद चालूच राहतील. २०१९ च्या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने अतिवृष्टी आणि पात्रातली बांधकामं यांवर बोट ठेवलं होतं, आणि बांधकामं तर आपल्याच डोळ्यांदेखत झाली.

हरिपूरची हळदीची पेवं आठवतात का कोणाला? जमिनीत खोल, वरून तोंड बंद, वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या पाण्यानं त्यांची वाट लावली. ज्यांनी पेवं खणली त्यांनी तिथवर पाणी येत नाही हे पिढ्यान् पिढ्या बघितलं असणार. म्हणून "आजोबांच्या काळात नव्हतं आलं" ह्या बोलण्यावर घर घेऊ नका.

मिरजकर_नकाशे
कागदाचं सांगतो. जलसंपदा विभागाने पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. सिटी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि जागा कुठे पडते ते लेखी मागा. एजंटच्या मोबाइलमधला नकाशा धरू नका. गावभागातलं जुनं घर उद्या पाडून बांधायचं म्हटलं तर हाच कागद आडवा येईल.

जतचा_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. शामरावनगर रद्द केलं. गावभागच्या मालकांना आत्ताच फोन करून आकडा विचारला, ते म्हणाले "बघून सांगतो". ताई, दवाखान्यांच्या जवळ पण उंचावर असा भाग कोणता बघू?

गावभागची_लेक
विश्रामबाग, मिरज रस्त्याच्या बाजूला बघा. तिथला बराचसा भाग उंचावर आहे, २०१९ ला आमचं अर्धं गाव तिकडेच नातेवाइकांकडे होतं. दर जास्त आहेत, पण वडिलांना जिना चढायला लागणार नाही असं तळमजल्याचं घर तिथं निर्धास्त घेता येईल. तरी गल्लीगल्लीत फरक असतो, नाला किती लांब आहे ते विचाराच. आणि जाल तेव्हा मालकाला नको, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा. पोती कधी आणि कुठवर भिजली ते तो तारखेसकट सांगेल.