एका सांध्यावर साइडिंग भागत नाही

मॉडेल रेल्वेत साखर कारखान्याच्या साइडिंगसाठी (मेन लाइनच्या बाजूला काढलेल्या रुळांसाठी) चार फुटी मॉड्यूलवर, म्हणजे मांडणीच्या एका सुट्या तुकड्यावर, एक सांधा (रूळ दोन वाटांना फुटतो ती जागा) टाकला की झालं, असं या चर्चेत कुणी म्हटलंय. लांबी पटली, एक सांधा नाही पटला. त्यात शंटिंगचा, म्हणजे वाघिणी पुढेमागे करून हव्या तशा लावण्याचा, खेळच उरत नाही. दोन सांधे टाकून तीन रूळ काढा: एकावर पाच वाघिणी मावतील, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन, आणि शंटिंग नेकवर (इंजिन ज्यावर मागेपुढे करतं त्या बंद टोकाच्या रुळावर) इंजिन अधिक तीन वाघिणी. मग एकूण आठ वाघिणींतून पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात! ॲलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाची ही 'इंगलनुक' रचना; एवढ्याशा जागेत याहून चांगलं काही मला तरी माहीत नाही.

आणि कुणीच न काढलेला मुद्दा म्हणजे ट्रॅप पॉइंट. साइडिंगमधली वाघीण घरंगळली तर मेन लाइनवर जाऊन पॅसेंजरला आडवी येऊ नये, आधीच रुळावरून उतरावी, यासाठी तो असतो. मॉडेलवर तो चालता नसला तरी चालेल, पण दिसायला हवा. उगार खुर्दवर बेतलेल्या माझ्या मॉड्यूलवर मी जुन्या रुळाच्या तुकड्यांच्या जिभा (ट्रॅप पॉइंटची निमुळती टोकं) घासून बसवल्या आणि पुढे खानापूरची लाल माती चाळून पातळ फेव्हिकॉलने चिकटवली. मिरज-लोंढा मार्गाचा मीटरगेजचा काळ दाखवणार असाल तर १:८७ प्रमाणात रूळ १२ मिमी गेजचे (दोन रुळांमधल्या अंतराचे) घ्या. नेहमीचे १६.५ मिमीचे तिथे फार रुंद दिसतात.